चेहऱ्यावरचे वळ

ब्रेस्लाउ, 1897

तोंडावर गॉजचा एकच पदर आहे. त्याच्या नाड्या डोक्यावरच्या टोपीला बांधल्या आहेत आणि खाली तो हनुवटीपर्यंत सोडला आहे. तुम्ही जर्मन साम्राज्यातल्या ब्रेस्लाउ शहरात, विद्यापीठाच्या शस्त्रक्रियागृहात मदतनीस म्हणून उभे आहात. टेबलापलीकडे प्राध्यापक योहान मिकुलिच आहेत. त्यांच्या हातात सुती दोऱ्याचे, निर्जंतुक केलेले हातमोजे आहेत.

याच शहरातल्या कार्ल फ्लुगे या आरोग्यशास्त्रज्ञाने दाखवून दिलं आहे की माणूस साधं बोलला तरी तोंडातून बारीक तुषार उडतात आणि त्यांच्याबरोबर जंतूही. म्हणजे शल्यविशारदाने नुसता चिमटा मागितला, तरी चार तुषार उघड्या जखमेवर पडणार. तोंडावर पदर आला तो यामुळे. रक्षण टेबलावर झोपलेल्या माणसाचं व्हायचं आहे.

श्वास घेऊन पाहा. सहज येतो, सहज जातो. चेहऱ्यावर जाळीचा पडदा घेऊन रस्त्याने चालणाऱ्या बाईला जितपत अडचण होते तितपतच यात होते, असं मिकुलिच लिहून ठेवणार आहेत. त्यांच्यापुरतं ते खरंही आहे. पदर एकेरी आहे, ऑपरेशन थोड्या वेळात आटोपेल, मग तुम्ही गाठ सोडून खिडकीपाशी जाल. वरच्या ओठावर थोडा घाम आलाय, गॉजचे धागे नाकाला घासताहेत, इतकंच.

मास्कचा खरा त्रास मात्र पहिल्या तासात कळत नाही. तो तिसऱ्या तासाला जाणवायला लागतो, सहाव्या तासाला असह्य होतो आणि पंधराव्या दिवशी कातडीवर दिसतो. आणि तो ज्याच्या वाट्याला येतो त्या माणसाला लेख लिहायला सवड नसते. इथून पुढे तुम्ही त्या माणसाच्या जागी असाल.

हार्बिन, जानेवारी 1911

उणे 25 अंश. मांचुरियातल्या हार्बिन शहराची फूजियाद्यान ही चिनी वस्ती. वस्तीचे चार भाग पाडलेत आणि प्रत्येक भागाला एक रंग दिलाय: पांढरा, तांबडा, पिवळा, निळा. तुमच्या बाहीवर पिवळी पट्टी आहे. तुम्ही शोधपथकात आहात. घरोघर जायचं, कोण खोकतंय, कुणाच्या थुंकीत रक्त आहे, रात्रीत कोण गेलं ते पाहायचं. मुंबईने 1896 पासून जो प्लेग पाहिला तो मुख्यतः गाठीचा होता. इथला प्लेग फुप्फुसांचा आहे. त्याला उंदीर लागत नाही, पिसू लागत नाही. एक माणूस खोकतो आणि दुसरा मरतो.

हे सांगणारा डॉक्टर 31 वर्षांचा आहे. वू ल्येन-तेह. जन्म पेनांगचा, शिक्षण केंब्रिजचं. 1910 च्या नाताळच्या आदल्या दिवशी तो इथे उतरला, तीन दिवसांत त्याने एका मृतदेहाचं विच्छेदन करून जंतू शोधला आणि प्लेग हवेतून पसरतोय असं ठामपणे सांगितलं. त्यानंतरचा त्याचा हुकूम सोपा होता: सगळ्यांनी नाक-तोंड बांधा.

बांधायचं कसं, तेही त्याने ठरवून दिलंय. तुमच्या हातात सुमारे तीन फूट लांबीची गॉजची पट्टी आहे. ती लांबीत दुमडायची, मधोमध सहा इंच बाय चार इंच कापसाची चपटी गादी ठेवायची. मग पट्टीच्या दोन्ही टोकांना दोन-दोन उभे काप द्यायचे, म्हणजे दोन्हीकडे तीन-तीन शेपट्या तयार होतात. वरची जोडी कानांच्या वरून मागे नेऊन बांधायची, खालची कानांच्या खालून मानेमागे आणि मधली टाळूवर. तीन गाठी, तीन ठिकाणी. जरा थांबून ही रचना नीट पाहा. सगळा ताण डोकं आणि मान मिळून घेतात, कानांवर कसलाच भार येत नाही. दिवसभर वापरायची वस्तू आहे हे लक्षात घेऊन केलेली ही आखणी आहे. लागतं तेही फक्त गॉज, कापूस आणि कात्री. कुठल्याही गावात मिळणारं, स्वस्त.

आता ती बांधून बाहेर पडा. पहिल्या शंभर पावलांत श्वासातली वाफ कापसात मुरते. आणखी थोडं चाललात की बाहेरच्या बाजूने ती गोठायला लागते. गॉज कडक होतो, त्याची कड गालाला कापते. वर सुटलेली वाफ पापण्यांवर जमते आणि डोळे मिटले की पापण्या चिकटतात. मग तुम्ही एका घरात शिरता. आत कांगवर, म्हणजे विटांच्या उबदार ओट्यावर, पाच-सहा माणसं दाटीवाटीने झोपली आहेत. त्या उबेत तोंडावरचा बर्फ वितळतो आणि कापूस चिंब होतो. ओल्या कापसातून हवा ओढायची म्हणजे छातीला जोर लावावा लागतो. जोर लावला की हवा सोपी वाट शोधते, नाकाच्या दोन्ही बाजूंच्या फटींतून आत येते. आणि तुम्ही तर अशा खोलीत उभे आहात जिथे कोपऱ्यातला एक जण खोकतोय.

हात आपोआप वर जातो. पट्टी खाली ओढून एकदा मोकळा श्वास घ्यावा, इतकीच इच्छा असते. ती इच्छा भित्रेपणाची नाही आणि आळसाचीही नाही. शरीर हवा मागतंय. तुम्ही हात खाली घेता, बाहेर पडता, ओली पट्टी काढून टाकता आणि कोरडी बांधता. दिवसातून पुन्हा पुन्हा. रात्री गाठी सोडताना बोटं बधिर असतात आणि मानेवर, जिथे दोरीसारखा पीळ पडलेली शेपटी दिवसभर रुतली होती, एक लाल रेघ उमटलेली असते.

याच महिन्यात इथे झेरार मेनी नावाचा अनुभवी फ्रेंच डॉक्टर आला होता. तरुण वूचं म्हणणं त्याला पटलं नाही. रशियन प्लेग इस्पितळात त्याने मास्क न बांधता रुग्ण तपासले. 11 जानेवारीला तो मेला. त्यानंतर हार्बिनच्या रस्त्यावर मास्कशिवाय माणूस दिसेनासा झाला. महिनाअखेर, चिनी नववर्षाच्या दुसऱ्या दिवशी, गोठलेल्या जमिनीत पुरता न आलेल्या दोन हजारांहून जास्त प्रेतांचं दहन झालं. त्यासाठी बादशहाची खास परवानगी आणावी लागली. 1 मार्चला हार्बिनमधला शेवटचा रुग्ण नोंदवला जाईल. तोवर या साथीने मांचुरियात सुमारे 60,000 माणसं नेलेली असतील.

तुमच्या मानेवरची लाल रेघ त्या कुठल्याच नोंदीत नाही. ती पट्टी तुम्ही वर ठेवलीत म्हणून किती घरं वाचली, याचीही नोंद नाही.

ईप्र, 1915 ते 1916

26 एप्रिल 1915. तुम्ही लाहोर डिव्हिजनचे शिपाई आहात, बेल्जियमच्या मातीत. चार दिवसांपूर्वी जर्मनांनी इथे क्लोरिन सोडला. आज तो तुमच्या अंगावर येतोय, हिरवट-पिवळा, जमिनीलगत. नाका-तोंडावर धरायला हाताशी आहे ते भिजवलेलं फडकं. पाणी नसेल तर स्वतःच्या लघवीत भिजवलेलं. ओकारी येते, डोळे जळतात, तरी ते फडकं तुम्ही दाताने चावून धरता. या घटकेला त्रासाचा विचार मनात येत नाही. जीव जाताना माणूस काहीही सहन करतो.

कठीण असतं ते पुढचं, गॅस येईल म्हणून तासन् तास तयार राहणं. वर्ष ओलांडा. भारतीय पायदळ मेसोपोटेमियाकडे निघून गेलंय आणि त्याच खंदकांत तुम्ही आता एक ब्रिटिश शिपाई आहात. डोक्यावरून फ्लॅनेलची पिशवी ओढलेली आहे, तिचं टोक गणवेशाच्या कॉलरमध्ये खोचलेलं. डोळ्यांपुढे काचेच्या दोन चकत्या. कापड रसायनात बुडवलेलं आहे आणि त्याचा दर्प डोक्यात जातो. पाऊस आला किंवा घाम फुटला की ते रसायन ओघळतं, कपाळाची आणि मानेची कातडी चुरचुरते, डोळ्यांत उतरलं तर आग होते. नाकाने श्वास आत घ्यायचा आणि दातांत धरलेल्या झडपेतून बाहेर सोडायचा. काचांवर धुकं धरतं. समोर येणारा मित्र की शत्रू, ते कळत नाही.

त्यानंतर डबा येतो. छातीवरच्या पिशवीत कोळसा आणि रसायनांचे दाणे भरलेला पत्र्याचा डबा, तिथून वर येणारी नळी, तोंडात रबरी मुखपट्टी आणि नाकावर चिमटा. हे साधन चांगलं आहे, हजारोंना वाचवतं. पण नाकावरचा चिमटा ठणकतो, तोंड उघडं राहतं, लाळ गळत राहते, गिळता येत नाही, बोलता येत नाही. हुकूम द्यायचा तर मुखपट्टी काढावी लागते, आणि नेमकी तीच वेळ गॅसची असते.

इथे एक गोष्ट घडते. ज्यांनी हे मुखवटे बनवले त्यांना खंदकातल्या तक्रारी ऐकाव्याच लागतात, कारण ज्याला दिसत नाही तो सैनिक लढू शकत नाही. तिसो या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या मुखवट्यात आत येणारी कोरडी हवा आधी काचांवरून फिरवली जाते, त्यामुळे काचा स्वच्छ राहतात. चिमटा नको, मुखपट्टी नको, असे मुखवटे त्यातून पुढे निघतात. पिशवी, चिमटा, कोरड्या हवेचा झोत: प्रत्येक पायरीवर कुणाची तरी तक्रार आहे आणि ती गंभीरपणे घेणारं कुणीतरी आहे.

सॅन फ्रान्सिस्को, 21 नोव्हेंबर 1918

दुपारचे बारा. शहरभर भोंगे वाजतात आणि एका क्षणात सगळे तोंडावरचा गॉज ओरबाडून काढतात. तुम्हीही काढता. फुटपाथ पांढऱ्या चिंध्यांनी भरून जातो.

इन्फ्लुएन्झाच्या साथीत ऑक्टोबरपासून इथे मास्कची सक्ती होती. न घालणाऱ्याला दंड, काहींना तुरुंगही. तुमच्या तोंडावर रेड क्रॉसच्या पद्धतीचा, गॉजच्या घड्यांचा मास्क होता. तुम्ही दुकानात दिवसभर उभं राहून गिऱ्हाइकांशी बोलता. बोलताना तो तोंडात जायचा, ओला व्हायचा, हनुवटीवर घसरायचा. चष्म्यावर वाफ यायची. संध्याकाळी त्याला स्वतःच्याच श्वासाचा आंबूस वास मारायचा. अवतीभवती लोक सिगारेटसाठी मास्कला भोक पाडत होते. बॉक्सिंगच्या एका सामन्यात खुद्द महापौर आणि आरोग्य अधिकारी विल्यम हॅसलर मास्कशिवाय दिसले आणि दोघांनाही दंड भरावा लागला.

आता थोडं पुढे बघा. आकडे पुन्हा चढतात. 17 जानेवारीला सक्ती परत येते, आणि या खेपेला मास्कविरोधी लीग उभी राहते, सभा घेते. एका बाजूला मास्क म्हणजे राष्ट्रकर्तव्य म्हणणारे, दुसऱ्या बाजूला मास्क म्हणजे जुलूम म्हणणारे. दिवसाचे दहा तास तो घालून काम करणाऱ्याला कुठे आणि काय टोचतं, हे दोघांपैकी कुणीच विचारत नाही.

विचारतो तो कॅलिफोर्नियाच्या आरोग्य मंडळाचा विल्फ्रेड केलॉग. गॉजच्या घड्या वाढवत नेऊन तो प्रयोग करतो आणि 1920 मध्ये निष्कर्ष छापतो. जंतू अडवण्याइतका जाड मास्क केला तर त्यातून श्वास घेणं अवघड होतं, आणि श्वास अवघड झाला की हवा कडेच्या फटींतून शिरते. हार्बिनच्या त्या उबदार खोलीत तुमच्या छातीला जे कळलं होतं ते इथे प्रयोगशाळेत सिद्ध झालं. त्रास आणि संरक्षण या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. ज्या मास्कमधून श्वास घेता येत नाही तो संरक्षणही देत नाही.

या पेचातून बाहेर पडायला पाऊणशे वर्षं लागतात. 1950 च्या दशकाच्या शेवटी सारा लिटिल टर्नबुल ही अमेरिकी डिझायनर न विणलेल्या कापडाला साच्यात घालून वाटीचा आकार देण्याच्या कामात असते. डॉक्टरांच्या मागे सतत नाड्या बांधायचं काम असतं, ते तिने रुग्णालयात पाहिलेलं असतं. 1972 मध्ये अमेरिकेत पहिल्या एकदा वापरून टाकायच्या, एन-95 जातीच्या मास्कला मान्यता मिळते. आणि 1990 च्या दशकात पीटर त्साय हे संशोधक धाग्यांना विद्युतभार देण्याची रीत पक्की करतात. भारित धागा कणांना स्वतःकडे ओढतो, त्यामुळे धागे दाट बसवावे लागत नाहीत. कण अडतात, हवा जाते. केलॉगच्या प्रश्नाला मिळालेलं हे उत्तर आहे.

सिंगापूर, 2003

इथे फार थांबायचं नाही, पण पाहून जा. सार्सची साथ आहे. तान टॉक सेंग रुग्णालय याच आजारासाठी राखून ठेवलंय आणि तुम्ही पाळीमागून पाळी एन-95 घालून आहात. कण अडवण्याचा प्रश्न सुटलाय. आता कातडीचा प्रश्न उरलाय. गालांवर मुरुमं, नाकावर खाज, जबड्यालगत पुरळ. साथ संपल्यावर इथले त्वचारोगतज्ज्ञ 307 कर्मचाऱ्यांना विचारतील. एन-95 वापरणाऱ्यांपैकी जवळपास 60 टक्के मुरुमं सांगतील, निम्म्याहून जास्त खाज सांगतील, तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पुरळ. 2020 मध्ये याच शहरात 158 आरोग्य कर्मचाऱ्यांची पाहणी होईल. त्यांतल्या 81 टक्क्यांना मास्क आणि गॉगलमुळे नव्याने डोकेदुखी लागलेली असेल. त्यामुळे पुढच्या मुक्कामी जे होणार आहे, ते कुणाला माहीत नव्हतं असं म्हणता येत नाही.

मुंबई, मे 2020

या मुक्कामी तुम्ही स्टाफ नर्स आहात. लोकल बंद आहेत. डोंबिवलीहून अत्यावश्यक सेवेच्या बसने निघालात, रस्ते रिकामे म्हणून लवकर पोचलात, आणि आता रुग्णालयातल्या किट घालायच्या खोलीत उभ्या आहात. दोन तासांपासून पाण्याचा घोट घेतलेला नाही. मासिक पाळी सुरू आहे, म्हणून दोन पॅड लावले आहेत. मध्ये बदलता येणार नाही.

"सिस्टर, आत्ताच बाथरूमला जाऊन या. एकदा किट घातलं की सहा तास नाही," दाराशी बसलेल्या मावशी सांगतात. तुम्ही जाऊन येता.

क्रम ठरलेला आहे. केस टोपीत. मग एन-95, एक पट्टा मानेवर, दुसरा टाळूच्या मागे. नाकावरची धातूची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवायची आणि जोरात फुंकून पाहायचं. नाकाच्या डाव्या बाजूने हवा जाते. तुम्ही पट्टा घट्ट करता. पुन्हा फुंकता. अजून जरा घट्ट. आता जात नाही.

इथे पुन्हा थांबून पाहायला हवं, कारण तुमच्या चेहऱ्यावर पुढे जे होणार आहे त्याची सुरुवात या क्षणी झाली. मास्क तुम्हाला मोठा होतो. अशा मास्कच्या चाचणीसाठी चेहऱ्यांचे जे नमुने 1970 च्या दशकात ठरवले गेले, ते अमेरिकेच्या हवाई दलातल्या माणसांच्या मापांवरून. 2000 नंतर अमेरिकेतल्या कामगारांच्या नव्या मोजणीवरून ती मापं सुधारली, पण मुंबईच्या वॉर्डातल्या नर्सचा लहान चेहरा मोजायला कुणी आलं नाही. स्टोअरमध्ये एकच माप आहे. जी फट मापाने भरायची, ती तुम्ही पट्टा आवळून भरलीत.

मग गॉगल, मग डोक्यापासून पायापर्यंतचा पांढरा पोशाख, वर फेस शील्ड, हातमोज्यांच्या दोन जोड्या, मनगटावर चिकटपट्टी. पाठीवर मार्करने तुमचं नाव लिहितात, नाहीतर आत कोण कुठली सिस्टर ते कळायचं नाही.

पहिला तास बरा जातो. दुसऱ्या तासाला घामाची धार पाठीवरून उतरते. या पोशाखाच्या कापडातून विषाणू जात नाही, तशी वाफही जात नाही. भर मे महिन्यात रेनकोट घालून काम केल्यासारखं अंग उकडत राहतं. गॉगलवर धुकं धरलंय. बाहेर सोडलेला श्वास उबदार आणि दमट असतो, काच त्याहून थंड असते. शीर शोधायची तर मान तिरकी करून, काचेवरून ओघळलेल्या एखाद्या थेंबाने केलेल्या स्वच्छ रेघेतून पाहावं लागतं.

तिसऱ्या तासाला नाकाचं हाड बोलायला लागतं. तिथे कातडीखाली चरबी जवळजवळ नसते. वर धातूची पट्टी, खाली हाड आणि मधली कातडी दाबलेली. बारीक रक्तवाहिन्या मिटतात, कातडीला रक्त कमी पडतं. घामाने ती आधीच मऊ झालेली असते, आणि बोलताना जबडा हलला की मास्क तिच्यावर घासतो. दाब, ओल आणि घर्षण, तिन्ही एकाच जागी. कानशिलांवर पट्ट्यांचा ताण आहे, तिथून डोकं धरायला लागलंय. तोंड कोरडं पडलंय. मास्कच्या पोकळीत तुम्ही सोडलेली थोडी हवा उरते आणि पुढच्या श्वासात परत येते. प्राणवायू कमी पडत नाही, तरी घुसमट खरीच असते, कारण प्रत्येक श्वास ओढून घ्यावा लागतोय.

"सिस्टर, पाणी," अकरा नंबरचे काका म्हणतात. तुम्ही ग्लास त्यांच्या ओठांना लावता. पाणी त्यांच्या घशातून उतरताना पाहता. त्यांच्या बोटावरच्या यंत्राचा आकडा 91 दाखवतोय. "काका, पालथे झोपा थोडं." तुमचा आवाज तीन थरांतून जातो, त्यांना ऐकू येत नाही. तुम्ही ओरडून सांगता. दिवसभर असंच ओरडून सांगायचं असतं, म्हणून संध्याकाळी घसा बसलेला असतो.

पाचव्या तासाला नाकाला खाज सुटते. खाजवायची नाही. हात लावायचा नाही. त्या एका बोटभर जागेपलीकडे काही सुचेनासं होतं, आणि त्याच मनाने औषधाचा डोस मोजायचा असतो. म्हणून हा प्रश्न सिस्टरच्या सोयीपुरता राहत नाही. डोकं ठणकणाऱ्या, काहीही न प्यायलेल्या, धूसर दिसणाऱ्या माणसाच्या हातात रुग्णाचा जीव आहे.

पुढच्या पाळीकडे ओव्हर देऊन तुम्ही बाहेर येता. आता सगळ्यात जपायची घटका आहे. अंगभर जे चिकटलं असेल ते काढताना हातांना, तोंडाला लागू द्यायचं नाही. सहा तास ज्या क्षणाची वाट पाहिली तो हाच, आणि घाई करायची नाही ती याच क्षणी. बाहेरचे हातमोजे. हात निर्जंतुक. शील्ड. पोशाख आतून बाहेर गुंडाळत पायापर्यंत. पुन्हा हात. गॉगल मागून. आणि शेवटी मास्क. पुढून हात न लावता, खालचा पट्टा आधी, वरचा नंतर.

आरशात नाकावर जांभळट खळगा दिसतो, त्याच्या मधोमध कातडी सोलवटलेली. दोन्ही गालांवर कमानीसारखे वळ. घरी गेल्यावर चेहरा धुताना ती जागा चुरचुरेल. उद्या पुन्हा त्याच जागेवर तीच पट्टी बसेल. वॉर्डातल्या बाकीच्या सिस्टर नाकावर मायक्रोपोर लावतात, कुणी जखमेच्या ड्रेसिंगचा पातळ तुकडा कापून लावते. तुम्हीही लावाल. पण खाली काही लावलं की मास्क नीट बसतोय का ते पुन्हा फुंकून पाहावं लागतं, हे प्रत्येकीला सांगितलेलं नसतं.

त्या महिन्यांत अशा वळांचे फोटो सगळीकडे फिरले. लोकांनी त्यांना वीरांगना म्हटलं, टाळ्या आधीच वाजवून झाल्या होत्या. ते प्रेम खोटं नव्हतं. पण नाकावरची जखम ही शौर्याची खूण ठरली की तिच्यावर इलाज शोधण्याची निकड संपते. ती जखम टाळता येणारी होती. तीन मापांचे मास्क, सहाऐवजी चार तासांची पाळी, मध्ये सुटका करायला आणखी एक माणूस, बदलायला जागा आणि प्यायला पाणी. यांतलं काहीच शोधून काढायचं नव्हतं. कातडीचा त्रास सिंगापूरने सार्सच्या साथीनंतरच मोजून ठेवला होता, आणि दिवसभर घालायची वस्तू तशीच आखावी लागते हे हार्बिनच्या तीन शेपट्यांनी 109 वर्षं आधी दाखवलं होतं.

शिवडी, मुंबई, आज

2 एप्रिल 2022 चा गुढीपाडवा आठवा. महाराष्ट्रात मास्कची सक्ती उठली आणि तुमच्या-माझ्या चेहऱ्यावरून तो उतरला. पण प्रवास अजून संपलेला नाही, कारण काहींचा मास्क त्या दिवशीही उतरला नाही.

शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयात या. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत, आणि नेहमीच्या औषधांना दाद न देणारा क्षयही मुंबईत मोठ्या प्रमाणात आहे. हा आजार हवेतून पसरतो आणि त्याची लाट ओसरत नाही. इथे वॉर्डात काम करणाऱ्या सिस्टरला, मावशींना, वॉर्डबॉय मामांना एन-95 कोविडच्या आधीही लागत होता, आजही लागतो, निवृत्तीपर्यंत लागणार आहे. दमट हवा, उकाडा, मोठ्या पंख्याखाली खोकणारी माणसं, आणि नाकावर तीच धातूची पट्टी.

समजा, पाळी संपत आली आहे आणि लादी पुसणाऱ्या मावशींचा मास्क नाकाखाली घसरलाय. त्यांना रागावणं सगळ्यात सोपं आहे. "मावशी, मास्क वर घ्या." त्या घेतील. तुमची पाठ फिरली की तो पुन्हा खाली येईल. त्यात त्यांचं अज्ञान नाही. त्यांना क्षय काय करतो ते तुमच्याहून जास्त माहीत आहे, त्यांच्यासारख्या कर्मचाऱ्यांनाही त्याने गाठलेलं आहे. मास्क खाली आला कारण तो त्यांच्या चेहऱ्याचा नाही, कारण सकाळपासून त्यांनी तो एकदाही सुरक्षित जागी जाऊन काढलेला नाही, कारण घामाने भिजलेला मास्क बदलायला दुसरा मिळालेला नाही. त्रास होतो असं म्हणणारा माणूस मास्कच्या विरोधात नसतो. बहुतेक वेळा तोच तो सगळ्यात जास्त वेळ घालत असतो, म्हणून तर त्याला कुठे टोचतं ते माहीत असतं.

या शेवटच्या मुक्कामी तुम्ही इन-चार्ज सिस्टर आहात. समोर पुढच्या महिन्याची ड्यूटी लिस्ट आहे, हातात पेन आहे. प्रत्येक पाळीत दोन तासांनी मास्क उतरवायची सुट्टी लिहा आणि त्या वेळात वॉर्ड कोण पाहील त्याचं नावही लिहा, नाहीतर ती सुट्टी कागदावरच राहील. माणूस कमी पडत असेल तर तसं वरच्या कार्यालयाला लेखी कळवा. मागणीपत्रात "एन-95, 500 नग" एवढंच न लिहिता लहान, मध्यम आणि मोठे किती ते लिहा, आणि त्याआधी वॉर्डातल्या प्रत्येकाला, मावशींनाही, बसवून कुणाला कुठला नीट बसतो ते तपासा. कुणाच्या नाकावर जखम दिसली तर ती अपघाताच्या वहीत नोंदवा, तारखेसकट. मास्क सुधारला तो ज्या ज्या वेळी कुणीतरी त्रास ऐकून घेतला, मोजला आणि लिहून ठेवला त्या त्या वेळी. इथे ते काम तुमचं आहे.